मृण्मयीचं रान

मी माझी घोडी भरल्या तबेल्यातून काढली आणि पिशोरजवळ भाड्यानं घेतलेल्या रानात एकटी नेऊन सोडली.

चूक एवढीच. एका वाक्यात मावते. रान मात्र चांगलं तीन एकर होतं.

दरवर्षी तुळशीची लग्नं लागली की ही चूक घरी परत येते, आणि तीही मोज्यांतून. पावसाळ्यात कंबरभर वाढलेलं गवत या दिवसांत पिवळं पडून वाळतं आणि त्याची कुसळं जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपड्यांत शिरून बसतात. धुऊन निघत नाहीत, झटकून निघत नाहीत. एकेक चिमटीत धरून उपटावी लागतात. परवा बायकोनं माझे मोजे उन्हात धरले आणि विचारलं, "पुन्हा गेला होतात?"

"सहज," मी म्हणालो.

"मुकुंदवाडीहून पिशोरला सहज कुणी जात नाही. सहज म्हणजे फार तर स्टेशनापर्यंत."

मी काही बोलणार, तेवढ्यात खालच्या रस्त्यावर बँड सुरू झाला. या दिवसांत आमच्या गल्लीतून वराती जातातच. ट्रम्पेटवाला आधी घसा खाकरावा तसे दोन-चार सूर नुसतेच फुंकून बघतो. ते ऐकू आले की मी हातातलं काम टाकून गॅलरीत धावतो. शेजारच्या बायका नवरदेव कसा दिसतो ते बघतात. मी त्याच्या खाली बघतो. झुलीखालून दिसणारे चार पाय, मानेचा बाक, कानांची टोकं. मग ती वरात वळते आणि बायको आतून विचारते, "नव्हती ना?"

नव्हती. म्हणजे नसावी.

आमच्या घराण्यात घोड्यावर कुणी बसलेलं नाही. पूर्वज निजामाच्या काळात कचेरीत लिहिणारे. त्यांनी घोड्यांची नोंद केली असेल. घोड्यांनी त्यांची दखल घेतल्याचं ऐकिवात नाही. मीही आयुष्यभर कचेरीतच बसलो आणि निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून सकाळी चिकलठाण्याच्या बाजूला चालायला लागलो. वाटेत अन्वरभाईचा तबेला होता. पत्र्याची लांब शेड, एका ओळीत बांधलेल्या घोड्या, लिदीचा आणि भिजवलेल्या हरभऱ्याचा मिसळलेला वास. लग्नांना घोड्या पुरवायचा त्याचा धंदा. मी रोज उभा राहायचो. घोड्यांजवळ उभं राहिलं की माणूस विनाकारण रुबाबदार वाटतो, स्वतःला तरी.

त्या ओळीत कडेला एक बदामी घोडी होती, कपाळावर पांढरा टिक्का. तबेल्यात तिला सगळे लाडो म्हणत. वरातीत नाचण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं, म्हणजे पाय. पण तिचं वय झालं होतं, आणि आता लोकांना पांढरीशुभ्र घोडी लागते, फोटोत उठून दिसते म्हणून. अन्वरभाई तिला विकणार होता. मी घेतली.

घरी सांगितल्यावर बायकोनं आधी जिन्याकडं बघितलं. मग म्हणाली, "ठेवणार कुठं? दुसऱ्या मजल्यावर?"

ठेवायची सोय साधी होती. घोडी माझी, तबेला त्याचा. मी महिन्याला पैसे द्यायचे. चारा, चंदी, खरारा, नाल, सगळं त्यानं बघायचं. मी सकाळी जायचं, घोडीवर बसून एक चक्कर मारायची, म्हणजे तिनं मारायची आणि मी पडायचं नाही, आणि मग छाती काढून घरी यायचं. अशी काही वर्षं चांगली गेली. मी तिचं नावही बदललं. लाडो हे नाव मला जरा बाजारू वाटलं. मृण्मयी ठेवलं. अन्वरभाईला ते म्हणता यायचं नाही. बायको म्हणाली, "नाव ठेवलंत की शिक्षा दिलीत?" घोडीचं मत कुणी विचारलं नाही. ती त्या नावाला कान हलवत नसे. मला वाटायचं, विचारात असेल.

मग माझ्या डोक्यात दया शिरली.

संध्याकाळी तबेल्यातल्या बाकीच्या घोड्या सजून लग्नांना जायच्या आणि उशिरा अंगभर चमकी लागलेल्या अवस्थेत परत यायच्या. माझी तेवढी दावणीला उभी. पायाखाली सिमेंट, डोक्यावर पत्रा, नाकासमोर भिंत. मला वाटलं, जन्मभर हिनं त्या बँडच्या गोंगाटात दिवस काढले, आता म्हातारपणी तरी हिला आकाश दिसावं. तबेल्यात ठेवायची की स्वतःची जागा भाड्यानं घ्यायची, यावर मी इतका विचार केला की त्या काळात कुणी भेटलं की मी याच विषयावर यायचो. बाजू एकच होती. मोकळं रान, हवं तेव्हा चरावं, हवं तिथं बसावं, कुणाचा दोर नाही. असं कुणाला नको असतं? हे मी जिथं बसून लोकांना सांगत असे ती जागा म्हणजे माझ्या जुन्या कचेरीचं कँटीन. निवृत्त झाल्यावरही मी काही काम नसताना तिथं चहाला जायचो. आलेल्या-गेलेल्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसून मोकळ्या रानाचं महत्त्व सांगायचो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं मला तेव्हा सुचलं नाही.

अन्वरभाई म्हणाला, "कायकू साब? इधर क्या कम है?"

"मोकळी हवा," मी म्हणालो.

"हवा खाती क्या घोडी?"

मला वाटलं, महिन्याचे पैसे बुडणार म्हणून बोलतोय. तसा तो त्यासाठीच बोलत होता. पण माणूस स्वतःच्या फायद्यासाठी बोलला म्हणजे खोटंच बोलला, हा माझा हिशेब कचेरीतला होता.

रान सापडलं पिशोरच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. मालकीण गयाबाई, धनगर घरातली. दीर आणि नवरा मेंढरं सांभाळायचे, ती शेत आणि घर. शेताच्या वरच्या अंगाला मुरमाड पडीक तुकडा होता. त्यात एक लिंब, एक विहीर, भोवती तारेचं कुंपण, आणि कुंपणाला लागूनच त्यांच्या मेंढरांचा वाडा. भाडं ठरवताना गयाबाईनं एकच विचारलं, "किती घोडी हायेत?"

"एक."

"एकच?" तिनं डोंगराकडं बघितलं, रानाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं."

ज्या दिवशी टेंपो आणला त्या दिवशी घोडी फळीवर चढेना. चढली तेव्हा खिंकाळली. आतून सगळी दावण एकदम खिंकाळली. पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज असा घुमला की रस्त्यावरची माणसं थांबली. मी मोबाइल काढून ते सगळं टिपून घेतलं. मला वाटलं, मैत्रिणी निरोप देताहेत. किती छान. ते चित्रण अजून माझ्या मोबाइलात आहे. आवाज बंद करून बघितलं तर खरंच छान दिसतं.

भादव्यातलं ते रान हिरवंगार होतं. मी दर शनिवारी जायचो, खुर्ची टाकून लिंबाखाली बसायचो आणि घोडीकडे कौतुकानं बघायचो. ती बहुतेक वेळ कुंपणापाशी मेंढरांच्या वाड्याला टेकून उभी असायची. एवढं रान सोडून वाड्याला टेकून. मला वाटायचं, तिथं वारा चांगला लागत असेल.

दसरा झाला आणि मेंढरं चाऱ्याच्या वाटेनं घाटाखाली गेली, जशी दरवर्षी जातात. वाडा ओस पडला. त्याच दिवसांत गवत पिवळं पडायला लागलं. पिवळं म्हणजे सोन्यासारखं, संध्याकाळी तर बघत राहावं असं. त्या गवतातून कुंपणाच्या कडेकडेनं एक वाट पडली. मी शोध लावला की घोडी फेऱ्या मारते. व्यायाम. मी घरी येऊन सांगितलंही, "बघ, कुणी न सांगता चालते." ती वाट कुंपणाच्या एकाच बाजूला होती, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात जमीन खुरांनी पार उकरलेली. तिथं ती उभी राहायची, तोंड उगवतीकडं. मी म्हटलं, घोडी सूर्योदय बघते. मला ती स्वभावानं जरा कवी वाटायला लागली. पिशोरहून आग्नेयेला आमचं शहर आहे हे मला नकाशात माहीत होतं. घोडीला नकाशाशिवाय माहीत होतं.

गयाबाई म्हणाली, "सायेब, घोडं वाळत चाललंय. मेंढरं गेली तवापासनं गवत तोंडात धरतंय अन् चावायचं इसरतंय."

"वारा ऐकत असेल."

"वाऱ्यात काय ऐकायचं हाय?"

मी बघितलं. खरंच होतं. तोंडातून गवताच्या काड्या दोन्ही बाजूंनी लोंबत होत्या, आणि ती कान पुढं करून उभी होती. पुतळा असावा तशी. मी हाक मारली, "मृण्मयी." कान हलला नाही. त्या दुपारी पहिल्यांदा मला त्या मोकळ्या रानाची भीती वाटली. एवढं ऊन, एवढं सोनेरी गवत, लांबपर्यंत कुणी नाही, आणि त्यात एक जनावर कुणाची तरी वाट बघत असलेलं. आपण बसलोय त्या खुर्चीच्या आरपार ते बघतंय, असं वाटलं. मी खुर्ची जरा बाजूला सरकवली.

तुळशीचं लग्न झालं आणि गावात पहिलं लग्न निघालं. शनिवार होता, मी रानातच होतो. ओढ्यापलीकडून ट्रम्पेटचे ते घसा खाकरल्यासारखे सूर आले. घोडीनं मान उचलली. तोंडातल्या काड्या गळून पडल्या. मी उठून उभा राहिलो. मला आनंद झाला की ही आज तरतरीत दिसते. तोपर्यंत तिनं खालच्या अंगाची सैल तार छातीनं दाबली, पाय उचलले, आणि ती ओढ्यातून निघालीसुद्धा. मी दोर घेऊन मागं. कुसळांतून, काट्यांतून, एक चप्पल ओढ्यात ठेवून.

पोचलो तेव्हा ती मारुतीच्या देवळासमोर उभी होती. खोगीर नाही, झूल नाही, अंगभर कुसळं. जिथं नवरदेव पाया पडून बाहेर येतो बरोबर त्या जागी, बाजू देऊन. नवरदेवासाठी फुलं लावलेली मोटार बाजूला तयार होती. त्याचा मामा म्हणाला, "मोटार राहू द्या की. ही आयतीच आली, बिनबोलावता." सगळे हसले. नवरदेवाला उचलून बसवलं. बँड वाजायला लागला आणि माझी म्हातारी, वाळलेली घोडी नाचली. पुढचे पाय आलटून पालटून उचलत, मान वळवत, ढोलाच्या ठेक्यावर. बायका तिच्यावरून पाणी ओवाळत होत्या. पुढं बँड, मागं गर्दी, दोन्ही अंगांना माणसं खेटून. कुठंही एक हात मोकळी जागा नव्हती, आणि ती त्यात अशी चालत होती की जणू खूप दिवसांनी कुणी तिला घरात घेतलं.

मी एका पायात चप्पल घालून गर्दीत उभा होतो. ज्या गोंगाटातून मी तिला सोडवलं होतं तो हा. कुणीतरी मला मुलाकडचा समजून हातात सरबत दिलं. मी प्यालो.

अंधार पडायच्या आत मी तिला परत रानात आणून सोडलं. हे लिहिताना थांबावंसं वाटतं, पण झालं ते असं. सैल तारेपाशी बोराटीच्या काटेरी फांद्यांचा फास लावून वाट बुजवली आणि तिला म्हणालो, "दोन दिवस थांब. तुला परत नेतो." मनापासून म्हणालो. गयाबाई फास बघत म्हणाली, "ह्यानं थांबतंय व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच चिकलठाण्याला गेलो. तबेला नव्हता.

शेड नव्हती, दावण नव्हती, लिदीचा वास नव्हता. जमीन सपाट करून तिच्यावर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. प्लॉट पडले होते. मी घोडी जिथं बांधलेली असायची ती जागा शोधायला लागलो आणि रेघा ओलांडताना मला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभे आहोत. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर अन्वरभाई बसलेला होता, निवृत्त माणसं बसतात तसा. जागेच्या मालकानं जागा विकली, म्हणाला. घोड्या एकेक करून गेल्या. कुणी वैजापूरला, कुणी मालेगावला, कुणी आणखी कुठं.

"कधी?"

"दसरे के पहलेच."

म्हणजे ती त्या कोपऱ्यात तोंड करून उभी राहायची, गवत चावायचं विसरायची, ऐकायची, ते सगळे दिवस इकडं ऐकू येण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं. मला तबेल्याचा तो पत्रा आठवला, सगळ्या घोड्या एकदम खिंकाळलेल्या. तो आवाज कुठं गेला असेल, असं मी त्या चुन्याच्या रेघांत उभं राहून खुळ्यासारखा विचार करत राहिलो.

"तुम खरीद लिए अच्छा हुआ साब," अन्वरभाई म्हणाला. "नै तो मैं उसको भी बेचताच था."

या वाक्यानं बरं वाटायला हवं होतं. बायकोला सांगितलं तर तिनंही तेच म्हटलं. मग जरा वेळानं म्हणाली, "पण विकली असती तर दुसऱ्या घोड्यांच्यात तरी गेली असती." आणि भाजी निवडायला लागली.

गयाबाईचा फोन आला तेव्हा मी दुसरा तबेला शोधत होतो. "सायेब, घोडं नाय." पलीकडच्या वाडीला लग्न होतं, बँड ऐकू येत होता, आणि बोराटीवर बदामी केस अडकले होते. त्या वाडीत कुणी घोडी पाहिली नव्हती. घाटाच्या रस्त्यावर कुणीतरी पाहिली होती, कुणीतरी दुसरीच पाहिली होती. पोलिसांनी विचारलं, "रंग?" मी म्हणालो, "बदामी." "खूण?" मी म्हणालो, "नाचते."

नंतर एकदा अन्वरभाईचा निरोप आला की वैजापुरात एकाकडं नवी घोडी आलीय, वयानं आहे पण नाचते झकास. मी खिशात गुळाचा खडा घेतला, कारण गूळ दिसला की ती वरचा ओठ मुडपायची, आणि एसटी पकडली. बाजार समितीबाहेर कांद्याच्या गाड्यांची रांग लागलेली. त्या गाड्यांमागच्या मोकळ्या जागेत दोन घोड्या एकमेकींच्या मानेवर मान टाकून उभ्या होत्या. एक पांढरी, एक बदामी. बदामीला संध्याकाळच्या लग्नासाठी सजवून ठेवलं होतं. आरशांची झूल, गोंडे, आणि कपाळावर टिक्का असतो तिथं बरोबर चमकीचा पट्टा.

मी हाक मारली, "मृण्मयी." कांदेवाले वळून बघायला लागले की कुणाची मुलगी हरवली. घोडीनं बघितलं नाही. मालक तरुण पोरगा होता. म्हणाला, "नीट बघा काका. तुमची असंल तर घेऊन जावा, मी जाऊ द्यायचं नाय म्हनत नाय."

मी नीट बघितलं. अंग भरलेलं होतं. केस तुळतुळीत. डोळे अर्धे मिटलेले, पांढरीच्या मानेवर हनुवटी टेकवून ती रवंथ केल्यासारखी सावकाश चारा चावत होती. अगदी शेवटपर्यंत चावत होती. माझी घोडी मी एवढी निवांत कधी बघितलीच नव्हती. म्हणून मी म्हणालो, "नाही. ही नाही."

परत येताना एसटीत हात खिशात गेला तर गूळ तसाच. आणि मग एकेक सुचायला लागलं. तो चमकीचा पट्टा सरकवून बघता आला असता. लाडो म्हणून हाक मारता आली असती. दौलताबादच्या चढावर गाडी सावकाश चालली होती आणि मी त्या खड्याला चिकटलेला खिशातला दोरा सोडवत बसलो होतो. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ती जोडी कुणीतरी नाशिकच्या बाजूला नेली होती. दोघी एकत्र नेल्या का, एवढंच मी विचारलं. तो म्हणाला, "एकीला सोडून दुसरी गाडीत चढंना. मंग दोघी."

तीच होती का? दिवसा मला वाटतं, नव्हती. बँड वाजला की वाटतं, होती. वरातीत बदामी घोडी दिसली की मी गॅलरीतून पळत खाली जातो आणि झुलीखाली वाकून बघतो, गूळ पुढं करतो. घोड्या गूळ खातात. ओठ कुणीच मुडपत नाही. एकदा एका नवरदेवानं वरून मलाच अक्षता घातल्या.

ते रान मी अजून सोडलेलं नाही. भाडं जातं. बायकोनं त्यावर बोलणं बंद केलंय, हे जरा जास्तच बोलल्यासारखं आहे. परवा गेलो तेव्हा गवत पुन्हा पिवळंधमक होतं, कुंपणाच्या उंचीला आलेलं. फक्त कडेची ती वाट तशीच. इकडून तिकडं, तिकडून इकडं. इतके पावसाळे झाले, तिच्यावर गवत उगवत नाही. मी तिच्यावरून चालत कोपऱ्यापर्यंत गेलो आणि आग्नेयेकडं तोंड करून उभा राहिलो. काही ऐकू आलं नाही. तरी बराच वेळ उभा होतो. मोज्यांत कुसळं किती गेली ते त्यामुळंच कळलं नाही.

मागं गयाबाई आली. तिचे लोक मेंढरं घेऊन गेले होते, ती एकटीच होती. मी तिला म्हणालो, "खालच्या अंगाची तार सोडूनच ठेवा. परत आली तर आत येता आलं पाहिजे."

तिनं माझ्याकडं बघितलं, मग त्या वाटेकडं.

"हितं कशाला यील, सायेब? हितं तिचं कोन व्हतं? तुमी?"